मांडा, भाऊ

भाऊंकडे काहीही मागायला गेलं की पहिलं उत्तर ठरलेलं असायचं, "नाय."

बोईसरच्या आमच्या रसायनांच्या कारखान्यात ते स्टोअर सांभाळायचे आणि मी लॅबमध्ये होते. त्यांची माझी पहिली भेट एका काचेच्या ब्युरेटवरून झाली. माझ्या हातून एक फुटली होती, नवी हवी होती. भाऊ खुर्चीतून हललेही नाहीत. "नाय," म्हणाले. मी म्हटलं, निदान बघून तरी सांगा. म्हणाले, "बघून पण नाय." मी लातूरची, मला राग यायला वेळ लागत नाही. मी तिथल्या तिथे त्यांना चार शब्द सुनावले. त्यांनी ते सगळे शांतपणे ऐकून घेतले, कपाटामागे हात घालून वर्तमानपत्रात गुंडाळलेली ब्युरेट बाहेर काढली आणि वर मलाच म्हणाले, "एवढी गरज हाय तर आधी सांगायचं ना."

ती त्यांची कामाची रीतच होती. प्रत्येक वस्तूतला थोडा माल ते बाजूला दडवत आणि समोरच्याचा चेहरा पाहून ठरवत की याला खरंच गरज आहे की नुसती हौस. प्रॉडक्शनचे लोक त्यांच्या नावानं बोटं मोडायचे. पण मध्येच एखादा पंप बसला आणि सगळीकडे पळापळ झाली की भाऊ कुठल्या तरी कोपऱ्यातून नेमका तोच सुटा भाग काढून आणायचे. मग कुणी आभार मानले तर त्यांना आवडायचं नाही.

चेहऱ्यावर काही उमटू द्यायचं नाही, हा त्यांचा बाणा. बुटका, ताठ माणूस, इस्त्रीचा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशात कंगवा. बोनस मिळाल्याची बातमी असो की कुणी गेल्याची, भाऊ दोन्ही ऐकताना सारखेच दिसायचे. या चेहऱ्याचा खरा उपयोग ते रविवारी दुपारी करायचे, त्यांच्या गावी माकुणसारला, स्वतःच्या ओट्यावर. तिथे आमची बोली चालायची.

हा खेळ त्यांनीच काढलेला. त्यांचं आजोळ दातिवऱ्याचं. लहानपणी तिथल्या बंदरावर बायका मासळीची बोली लावताना त्यांनी पाहिल्या होत्या. खिशात दमडी नसताना भाव चढवायचा आणि दुसरीच्या गळ्यात टोपली मारायची, यात त्यांना म्हणे सगळं शिक्षण मिळालं. आमच्या खेळात मासळीऐवजी माहिती असायची. एक विषय ठरायचा. त्यातल्या आपण किती गोष्टी सांगू शकतो त्याचा आकडा प्रत्येकानं बोलायचा. मी पाच सांगते, मी सात सांगतो, असं चढत जायचं. ज्याला पुढे चढायचं नसेल त्यानं समोरच्याला म्हणायचं, "मांड." मग त्यानं बोललेल्या सगळ्या गोष्टी एकेक करून मांडायच्या. मध्ये एखादी मनानं रचून घुसडली तरी चालायचं, फक्त पकडलं जाता कामा नये. संशय आला तर "खोटं" म्हणायचं. खरंच खोटी निघाली तर मांडणारा हरला, खरी निघाली तर "खोटं" म्हणणारा हरला. कुणीच तोंड उघडलं नाही तर खोटंही पचलं. शेजारचे पाटीलसर, गावातल्या शाळेतून निवृत्त झालेले, फोनवर शोधून निकाल द्यायचे. हरणाऱ्यानं सगळ्यांची भांडी घासायची.

मी पहिल्याच रविवारी घासली. विषय होता मासे. लातूरच्या बाईला मासे किती ठाऊक असणार? मी मुकाट्यानं चार म्हणून गप्प बसायला हवं होतं. भाऊ म्हणाले, "आठ." तेही असे, की जणू त्यांना सातच येतात आणि आठवा ते घाबरत बोलताहेत. मला चेव आला. मी म्हटलं, "नऊ." भाऊंनी डोळ्याची पापणीही न हलवता म्हटलं, "मांड." पाचव्या माशानंतर मी जी अडकले ती थेट मागच्या मोरीवर, उकडहंडीच्या, म्हणजे वाडीतल्या कंद-भाज्यांच्या, काळ्या पडलेल्या भांड्यापुढे. काकी, म्हणजे भाऊंची बायको, राखेचा डबा देताना म्हणाल्या, "त्यांच्या तोंडाकडं बघू नको गं. माझी अख्खी जिंदगी गेली, मला पण काय दिसत नाय."

मला मात्र पुढे दिसलं, आणि याचा मला अजूनही थोडा गर्व आहे. एकदा विषय निघाला, केळव्यापासून दातिवऱ्यापर्यंतची गावं आणि पाडे. भाऊंनी भराभर नावं मांडली आणि मध्येच "शेवाळपाडा" म्हणाले. "तिथं माझ्या आतेचा दीर पोस्टात होता. त्यानं विहीर बांधली ती अजून हाय." सगळ्यांनी माना डोलावल्या. पाटीलसरांचा जन्म त्याच पट्ट्यात गेलेला, पण आतेच्या दिराला खोटं कोण म्हणणार? पुढे बरेच दिवस पाटीलसर कुठेही गेले की शेवाळपाड्याचा रस्ता विचारायचे. शेवटी त्यांनी भाऊंनाच धरलं. भाऊ म्हणाले, "अजून वसलं नाय. वसेल."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. भाऊ खरं सांगायचे तेव्हा नुसतं नाव टाकून पुढे जायचे. खोटं बोलायचे तेव्हा मात्र कुणीतरी साक्षीदार उभा करायचे. कधी आतेचा दीर, कधी डहाणूचा मित्र, कधी मेलेला मामा. मी हे कुणाला सांगितलं नाही. त्या जोरावर मी त्यांना दोनदा पकडलं आणि दोन्ही वेळा भाऊंनी निमूट भांडी घासली.

अमोलला त्या ओट्यावर मीच नेलं. तो माझ्या हाताखाली लॅबमध्ये लागलेला, परळीकडचा. बोलायला कमी, कामाला चोख, रविवारी खोलीवर एकटा पडून असायचा. खेळात तो बेतास बात होता. तीन-चारच्या पुढे कधी चढायचा नाही. भाऊंना असा खेळाडू आवडायचा नाही. "याला काय लिलावात नेऊन उपयोग," म्हणायचे, "हा पिशवी घेऊन बाजारात जाणारा माणूस."

भाऊंची एकुलती एक मुलगी प्राची. पालघरच्या एका दवाखान्यात ती फिजिओथेरपिस्ट होती. ती खेळायची नाही, पण उंबऱ्यात बसून सगळ्यांना टोमणे मारायची. तिचं आणि अमोलचं कधी जमलं ते मला कळलं नाही. कळलं तेव्हा दोघं लग्नाचं ठरवून मोकळे झाले होते आणि प्राचीनं ते घरात सांगितलंही होतं.

भाऊ नाही म्हणाले असते तर बरं झालं असतं. त्यांचं "नाय" सगळ्यांना परिचयाचं होतं, त्याच्याशी भांडता आलं असतं. यावर मात्र ते काहीच बोलले नाहीत. महिने गेले. अमोल रविवारी यायचा, भाऊ त्याला चहा द्यायचे, बोली व्हायची, विषय निघायचा नाही. कुणी काढायला गेलं की भाऊ उठून मागच्या सुपारीच्या वाडीत पाणी सोडायला जायचे. काकी मला एकदा मोरीवर म्हणाल्या, "पोरगी सुकत चाललीय. हे हो पण म्हणत नाय, नाय पण म्हणत नाय. घाटावरचा हाय म्हणून का, लांब नेईल म्हणून, मला पण सांगत नाय."

मग अमोलला गुजरातेत दहेजच्या एका कंपनीत मोठी जागा मिळाली. होकार सोमवारी कळवायचा होता. प्राचीनं मला स्पष्ट सांगितलं, "ताई, बाबांच्या हो शिवाय मी लग्न करणार नाही. आणि त्यांच्या गप्प बसण्याची वाट बघत इथे म्हातारी पण होणार नाही. अमोल एकटा गेला तर ते तिथंच संपलं." तिनं हे इतकं कोरडं सांगितलं की मला तिचा हात धरवेना.

त्याच्या आदल्या दिवशी, रविवारी, आम्ही नेहमीसारखे ओट्यावर बसलो. भाऊंनी शर्ट नीट केला आणि म्हणाले, "आजचा विषय मी देतो. आमची प्राची."

पाटीलसर हसले. मग त्यांचं हसू आपोआप बंद झालं.

"अमोल, तू आणि मी," भाऊ म्हणाले. "बाकी कोण नाय. तू जिंकलास तर माझा हो. मी जिंकलो तर या घरात ही गोष्ट परत निघायची नाय."

"मी काय टोपलीतला मासा आहे?" प्राची उंबऱ्यातून उठली. रागानं तिचा आवाज फाटला होता. "माझी बोली लावताय तुम्ही?"

"तुझी नाय. आमच्या माहितीची," भाऊ म्हणाले.

काकींनी पदर तोंडाला लावला. मला वाटलं, आता ही पोरगी आत जाऊन दार लावून घेणार. ती गेली नाही. बापाच्या अगदी समोर येऊन बसली. "ठीक आहे. मग खरं-खोटं मी ठरवणार, पाटीलकाका नाही. आणि सगळं आजचं पाहिजे. लहानपणचं एकही चालणार नाही."

"चालेल," भाऊ म्हणाले. "बोल रे."

अमोलनं तिच्याकडे पाहिलं. "पाच."

"सात," भाऊ म्हणाले.

"आठ."

हा मुलगा चारच्या वर कधी गेला नव्हता आणि भाऊ त्याला तसेच ओढत होते, जसं मला माशांच्या वेळी ओढलं होतं. मी त्याला डोळ्यांनी खुणावत होते, थांब बाबा, थांब. तो माझ्याकडे बघेच ना.

"नऊ," भाऊ म्हणाले.

"दहा," अमोल म्हणाला.

आता भाऊ "मांड" म्हणणार आणि हा संपणार, हे मी धरूनच चालले. पण भाऊ थांबले. समोर एक परका पोरगा त्यांच्या मुलीबद्दल दहा गोष्टी सांगायला बसला होता. मासे असते, गावं असती, तर त्यांनी टोपली त्याच्या गळ्यात मारली असती. इथे त्यांच्यातला बाप आडवा आला. "अकरा," ते म्हणाले.

"मांडा, भाऊ," अमोल म्हणाला.

भाऊंनी मांडायला सुरुवात केली. ती चहात साखर घेत नाय. "खरं," प्राची म्हणाली. तिला लांबचं दिसत नाय, पण लग्नात मिरवायला चष्मा काढून ठेवते. "खरं." स्कूटरचा डावा आरसा बाहेर वळवून ठेवते. "खरं." दवाखान्यातल्या म्हाताऱ्या पेशंटांना घरचे पेरू नेऊन देते. "खरं." भाऊंना जरा जोर आला.

"पिवळा रंग आवडतो."

प्राची काही बोलली नाही. नियमाप्रमाणे अमोलनं "खोटं" म्हटल्याशिवाय तिला एखादी गोष्ट खोटी ठरवता येत नव्हती. पण मला माहीत होतं, भाऊ दर दिवाळीला तिला पिवळा ड्रेस आणायचे आणि तो दर दिवाळीला तिच्या मावसबहिणीच्या अंगावर दिसायचा. अमोललाही हे माहीत असणारच. तो गप्प बसून राहिला.

"विजा कडाडल्या की आईच्या खोलीत येऊन झोपते."

काकींनी मान खाली घातली.

"संध्याकाळी उशीर झाला की एकटी यायला घाबरते. म्हणून मी नाक्यावर उभा राहतो."

मी साक्षीदाराची वाट बघत होते. आतेचा दीर यावा, मेलेला मामा यावा, म्हणजे माझ्या मनाला बरं वाटलं असतं. एकही आला नाही. भाऊ बनवत नव्हते. त्यांना हे सगळं खरंच वाटत होतं. मला त्यांची इतकी दया आली आणि अमोलचा इतका संताप आला की मी माझ्याच हाताला चिमटा काढून बसले. एक शब्द बोलायचा होता त्याला. तो बोलत नव्हता आणि सोमवार जवळ येत होता.

"अळूवडी ती स्वतः करते, आईच्यापेक्षा बरी." "खरं," प्राची म्हणाली, पण आवाज बसलेला.

पुढचं भाऊंना सुचेना. त्यांनी काकींकडे पाहिलं, वाडीकडे पाहिलं. कंगवा काढला आणि परत ठेवला. पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी दिसलं आणि ते मला पाहवेना.

"तिला," ते म्हणाले, "हे गाव सोडून कुठं जायचं नाय."

प्राची अमोलकडे वळली. "म्हण."

अमोलनं नकारार्थी मान हलवली.

"अरे, म्हण ना! आता तरी म्हण!"

"तू बोलायचं नाय," भाऊ म्हणाले. "तू निकाल देणारी."

"मग मी निकाल देणारी नाही!" ती ओरडली. "मी म्हणते, खोटं. हे खोटं आणि पिवळा रंग खोटा, विजा खोट्या, नाक्यावरची भीती खोटी. मी घाबरत नाही बाबा, तुम्ही घाबरता. तुम्ही मला लांबून उभे दिसता तेव्हा खिशातला रुमाल काढून घाम पुसत असता." आणि मग अमोलवर उलटली, "आणि तू! मला घालवायला बसला होतास इथे?"

अमोल हळूच म्हणाला, "त्यांच्या ओट्यावर बसून त्यांना खोटं कसं म्हणू? तुझ्याबद्दल?"

भाऊ प्राचीकडे बघत होते. "विजांना कधीपासून नाय घाबरत?"

"कॉलेजला हॉस्टेलवर होते तेव्हापासून."

"आणि पिवळा?"

"बाबा, तो कधीच आवडत नव्हता. तुम्ही हौसेनं आणायचात."

त्यांनी मान हलवली, एखाद्या वस्तूचा साठा संपल्याचं कळल्यावर हलवावी तशी. मग अमोलला म्हणाले, "बोलीत मान ठेवायचा नसतो, एवढं पण शिकला नाय तू. दहा बोललास. तुझ्याकडं होत्या किती?"

अमोल ओशाळला. "सहा, भाऊ."

पाटीलसरांच्या तोंडून आवाज निघाला. भाऊंच्या समोर बसून चारनं उगाच चढवणारा माणूस आम्ही आजवर पाहिला नव्हता. भाऊ त्याच्याकडे बघतच राहिले. "सहावर दहा बोललास? आणि मी मांड म्हटलं असतं तर?"

"तर गेलो असतो दहेजला."

"मांड त्या सहा," भाऊ म्हणाले. "मला ऐकायच्या हायत."

अमोलनं मांडल्या. साध्याच होत्या. ती भांडताना आधी रडते आणि मग बोलते. पेशंट बरा होऊन गेला की त्या दिवशी उगाच बाजारात हिंडते. तिला दहेजला स्वतःचं छोटं क्लिनिक काढायचं आहे आणि ती त्याला जागेचे फोटो मागवायला सांगते. प्राची प्रत्येक गोष्टीला "खरं" म्हणत होती आणि डोळे पुसत होती. भाऊ हनुवटी हातावर टेकवून ऐकत होते. पाच झाल्या. सहावीला अमोल थांबला.

"राहू दे," प्राची पटकन म्हणाली.

"मांड," भाऊ म्हणाले.

"तुम्ही सकाळी वाडीत सुपारी उतरवायला चढता, तेव्हा ती विहिरीच्या कठड्याआड उभी असते. तुम्ही खाली येईपर्यंत. म्हणून दवाखान्यात त्या दिवशी उशीर होतो तिला, बोलणी खाते. मी विचारलं तेव्हा सांगितलं."

भाऊ या वयातही पायात दोरी अडकवून स्वतः झाडावर चढायचे, हे आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं. चढताना वाडीत कुणी आलेलं त्यांना खपायचं नाही, हेही ठाऊक होतं. त्यावरून काकींशी त्यांची कडाक्याची भांडणं व्हायची.

"खोटं," भाऊ म्हणाले. "तिथं कोण नसतं. मी बघतो ना वरून."

काकीच म्हणाल्या, "खरं हाय. बांधावरनं जाते ती, मागच्या अंगानं. तुमाला दिसू नये म्हणून."

भाऊंनी मुलीकडे पाहिलं. तिनं मान खाली घालून, अगदी हळू, निकाल दिला. "खरं."

खेळ तिथंच संपला होता. "खोटं" म्हणणारा हरला होता. पण कुणालाच त्याची आठवण राहिली नाही, भाऊंनासुद्धा.

"मी पडलो असतो," ते म्हणाले, "तर तू खाली उभी राहून काय करणार होतीस?"

"माहीत नाही, बाबा," प्राची म्हणाली. "पण आत बसवत नव्हतं."

भाऊंनी रुमाल काढला. तोंडावरून फिरवला, घडी केली, परत उलगडला. मग अमोलकडे न बघता त्याला विचारलं, "दहेजला सुपारी होते काय रे?"

"नाही, भाऊ. सगळी खारट जमीन."

"बरं हाय," भाऊ म्हणाले. "तिची सकाळ तरी मोकळी राहील."

काकी उठल्या आणि देवापुढे साखर ठेवायला आत गेल्या.